जाळ्याचे पैसे

माझा पुतण्या तांडेल आहे. दापोली तालुक्यात एका खाडीच्या तोंडाशी आमचे गाव आहे आणि आमच्या घरात मासेमारी आजोबांच्याही आधीपासून चालत आली आहे. भावंडांत मी तेवढा शिकलो, मास्तर झालो आणि चौतीस वर्षे मुलांना मराठी शिकवून घरी बसलो. त्यामुळे गावात कुणाला अर्ज लिहायचा असला, की तो माझ्या ओटीवर येतो.

२०२१ च्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी पुतण्याने मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. होडीच्या कडेला जाळ्यात गुरफटलेले एक मोठे कासव आहे. जाळ्याची दोरी त्याच्या पुढच्या पायाला इतकी आवळली आहे, की पाय पांढुरका पडला आहे. खलाशाचा हात सुरीने जाळे कापतो आहे, एक एक आस सुटतो आहे. शेवटचा फास सुटला तसे कासव क्षणभर तिथेच थांबले आणि मग पाण्यात सरकले. मागून पुतण्याचा आवाज ऐकू येतो, "जा, जा बाबा, घरी जा."

मी ती चित्रफीत तीनदा पाहिली. अब्बांची आठवण झाली. तेही जाळ्यात आलेले कासव सोडून देत. मी खुशीत होतो, तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. "चाचा, संध्याकाळी येतो. फॉर्म भरून द्या. पैसे मिळतात त्याचे."

माझी खुशी उतरली. संध्याकाळी तो आला, तेव्हा मी त्याला मास्तरी आवाजातच विचारले, "जीव वाचवल्याचे पैसे मागतोस? तुझ्या आजोबांनी कधी मागितले होते?"

तो आमच्या कोकणी बोलीत जे बोलला, ते इथे सरळ मराठीत देतो. "चाचा, मी जिवाचे पैसे मागत नाही, जाळ्याचे मागतो. कासव मी सोडले, ते फुकट. पण जाळे बाजारातून आणावे लागते. अब्बाजानचे जाळे सुताचे होते, ते घरी विणत. माझे नायलॉनचे आहे. त्याचा जो भाग गेला, तो नवा बसवायला अठरा हजार लागतील. तुम्हांला कासव आवडते ते ठीक आहे, पण तुमचे काही फाटलेले नाही."

मी फॉर्म भरून दिला. पण त्याचे शेवटचे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. या लेखाचे कारण ते वाक्य आहे.

योजना अशी आहे. २०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या वनविभागाच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने ठरवले, की संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून तो जिवंत सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी त्याला जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. कासव, देवमासा, डॉल्फिन, बहिरी म्हणजे व्हेल शार्क, असे प्राणी त्यात येतात. प्राणी सोडल्याचे छायाचित्र किंवा चित्रफीत पुराव्यादाखल द्यावी लागते. हे सगळे प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आधीच संरक्षित आहेत. त्यांना मारणे गुन्हा आहे. म्हणजे जे न करणे कायद्याने बंधनकारकच आहे, ते न केल्याबद्दल हे पैसे आहेत, असा अर्थ एखादा काढील. मीही आधी तोच काढला होता.

गेल्या तीसेक वर्षांत जगभर या विचाराने जोर धरला आहे. निसर्ग वाचवायला उपदेश पुरत नाही, शिक्षेची भीती पुरत नाही, तर वाचवण्यात माणसाचा फायदा असला पाहिजे, असे म्हणतात. जंगल उभे ठेवणाऱ्याला दरवर्षी रक्कम, घरटे राखणाऱ्याला मजुरी, जपून काढलेल्या वनोपजाला जास्त भाव, पाहुण्यांच्या खोलीभाड्यात गावाचा वाटा, असे अनेक प्रकार आहेत. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा उपाययोजनेचा प्रश्न आहे. मला तो नीतीचा प्रश्न वाटतो. चांगुलपणाला मोबदला द्यावा का? आणि दिला, तर तो चांगुलपणा उरतो का?

आधी माझ्या पुतण्याची बाजू मांडतो, कारण ती मला आधी दिसली नव्हती.

निसर्गावर प्रेम करणे आणि निसर्गाचा खर्च सोसणे ही दोन वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला आलेली कामे आहेत. मुंबई-पुण्याचा माणूस बिबट्यावर प्रेम करतो, शेळी जुन्नरच्या शेतकऱ्याची जाते. कासवाचे चित्र वर्गाच्या भिंतीवर मी लावतो, जाळे पुतण्या कापतो. मग मी त्याला म्हणतो, तू त्याचा हिशेब करू नकोस, हिशेब केलास तर तुझी नियत खोटी. ही माझी नीती मला फार स्वस्तात पडलेली आहे. ज्याच्याकडे पोटाला आहे, त्याने ज्याच्याकडे कमी आहे त्याच्याकडून फुकट पुण्य मागावे, यात धर्म कसला आणि न्याय कसला? कर्जाचा हप्ता, डिझेल, बर्फ आणि खलाशांचा वाटा हे सगळे कासव सोडल्यावरही त्याला द्यायचेच होते.

आमच्याच जिल्ह्यात वेळास आहे, मंडणगड तालुक्यात. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हिवाळ्यात रात्री येऊन शंभराच्या वर अंडी घालते आणि परत जाते. ही अंडी पूर्वी काढून खाल्ली किंवा विकली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तिथे काम सुरू केले. अंडी कुंपणाच्या आत हलवून राखायची आणि पन्नासेक दिवसांनी पिल्ले बाहेर आली की समुद्रात सोडायची, एवढेच ते काम होते. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरात उतरू लागले, त्यांच्या हातचे जेवू लागले, आणि चार पैसे घराघरांत येऊ लागले. वाळूतला माग ओळखण्याची विद्या गावाकडे आधीपासून होतीच. पूर्वी तो माग काढून लोक अंडी उचलत, आता तोच माग काढून अंडी राखतात. या बदलात पैशाचा हात आहे हे नाकारणे खोटेपणाचे होईल. वेळासला कुणी नीतीचे व्याख्यान देऊन एवढे साधले असते, असे मला वाटत नाही. मी स्वतः आयुष्यभर व्याख्यानेच दिली आहेत.

आता दुसरी बाजू. ती पुतण्याला दिसत नव्हती आणि मला दिसत होती, पण नीट सांगता येत नव्हती.

इस्रायलमध्ये हैफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी दहा पाळणाघरे पाहिली. काही आईबाप मुलांना न्यायला उशिरा येत आणि बाईंना थांबावे लागे. त्यांपैकी सहा पाळणाघरांत उशिरा येणाऱ्याला छोटा दंड सुरू करण्यात आला. उशीर कमी होईल अशी अपेक्षा होती. उलट उशिरा येणारे वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाले. आधी उशीर झाला की आईबापांना बाईंपुढे ओशाळे वाटे. दंड आला तशी ती भावना गेली. आता ते जास्त वेळ विकत घेत होते आणि त्यांच्या दृष्टीने तो स्वस्त होता. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वीइतका कमी झाला नाही. दंड काढला म्हणून गेलेली लाज परत आली नाही. ही पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून जगभर सांगितली जाते.

मला भीती वाटते ती याची. पैसा दोन माणसांमधली जागा बदलतो. अब्बा कासव सोडत, तेव्हा त्यांच्यात आणि कासवात तिसरे कुणी नव्हते. आता तिथे एक फॉर्म आहे. समजा, दहा वर्षे फॉर्म चालला आणि मग योजना बंद झाली. तेव्हाचा तांडेल कासव सोडील का? की तो म्हणेल, "सरकारला आता कासव नको असेल, तर मला तरी कशाला?" पैसे देऊन लावलेली सवय पैसे थांबल्यावर टिकते की नाही, हे पैसे चालू असताना कळत नाही.

याचे थोडे उत्तर आपल्याला मिळाले आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि किनाऱ्यावर पाहुणे येणे थांबले. अंडी मात्र वाळूत होती. अंड्यांची राखण करणारे किनाऱ्यावर जात राहिले. पाहुणा नव्हता, तरी पिल्ले सोडली गेली. म्हणजे पैशाच्या बरोबरीने तिथे आणखी काही रुजले होते. ते काय असावे?

गुजरातचे उदाहरण मला इथे उपयोगी वाटते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा येतो. त्याच्या यकृतातल्या तेलासाठी आणि मांसासाठी त्याची मोठी शिकार होई. लोक त्याला 'बॅरल' म्हणत, कारण त्याला पकडताना पिंपे बांधून तरंगत ठेवीत. २००१ मध्ये भारत सरकारने त्याला कायद्याचे संरक्षण दिले. पण वेरावळच्या बंदरावर कायदा पोहोचणे सोपे नव्हते. मग २००४ साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया या संस्थेने मोहीम काढली आणि कथाकार मोरारी बापू तिच्यात आले. त्यांनी लोकांना सांगितले, की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. त्याचे नाव 'व्हाली' पडले, म्हणजे लाडकी. त्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी शेकडो मासे जाळी कापून सोडले. आणि वनखाते कापलेल्या जाळ्याची भरपाई देऊ लागले.

इथे पैसे आहेतच. पण आधी नाव बदलले. 'बॅरल' हे मालाचे नाव होते, 'व्हाली' हे नात्याचे. नाते आधी आले आणि पैसे मागून आले, ते जाळ्यासाठी. लेक माहेरी आली म्हणून कुणी भाडे घेत नाही. पण लेकीच्या बाळंतपणात बापाचे घर बुडू नये, म्हणून भाऊबंदांनी हातभार लावला, तर त्यात बापाचा अपमान नाही.

तेव्हा मला पुतण्याचे वाक्य कळले. जाळ्याचे पैसे आणि जिवाचे पैसे हे दोन वेगळे व्यवहार आहेत. जाळ्याचे पैसे म्हणजे भरपाई. 'सगळ्यांच्या भल्याचे काम तू केलेस, त्याचा तोटा तुझ्या एकट्याचा नाही,' एवढे ती सांगते. जिवाचे पैसे म्हणजे किंमत. आणि किंमत लागली, की जास्त देणाऱ्याची वाट मोकळी होते. कासव सोडण्याचे पंचवीस हजार ही कासवाची किंमत असेल, तर उद्या तीस हजार देणाऱ्याला ते का विकू नये? भरपाईला हा प्रश्न पडत नाही.

इथपर्यंत येऊन मला वाटले, की प्रश्न सुटला. मी एक लेखही लिहायला घेतला होता. तो तसाच राहिला, कारण मध्ये आमच्या डोंगरावरचे रान आले.

आमच्या घरापासून तासभर चालीवर आमचे मालकी रान आहे. सातबाऱ्यावर आम्हा तीन भावांची आणि एका बहिणीची नावे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात असेच आहे. बहुतेक जंगल सरकारचे नाही, माणसांचे आहे. आमच्या रानात किंजळ आहे, ऐन आहे, आणि ओढ्याच्या वर बेहड्याची पाच-सहा जुनी झाडे आहेत. त्यांतल्या एकाच्या ढोलीत धनेशाची जोडी दरवर्षी येते. मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि नर महिनोन् महिने त्या फटीतून तिला आणि पिल्लांना फळे भरवतो. एवढ्या मोठ्या पक्ष्याला मावेल अशी ढोली लहान झाडाला नसते. जुने झाड गेले, की त्याचे घर गेले.

२०२२ मध्ये एक लाकडाचा ठेकेदार आला. सगळे रान एकगठ्ठा घ्यायला तयार होता. लाकूड वीटभट्ट्यांना आणि कारखान्यांच्या बॉयलरला जाते. पुढे रिकाम्या डोंगरावर काजू लावता येईल, असेही त्याने सुचवले. माझा धाकटा भाऊ कुवेतला असतो. त्याची नोकरी डळमळीत झालेली आणि मुलीच्या शिक्षणाची फी भरायची होती. तो फोनवर म्हणाला, "भाईजान, त्या रानाने आपल्याला आजवर काय दिले?" मी त्याला धनेशाबद्दल सांगितले. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्हांला पेन्शन आहे."

बोलणे पुतण्याचेच होते, फक्त आता जाळे माझ्या घरातले होते.

त्याच सुमारास एका संस्थेची माणसे गावात आली. रान न तोडण्याचा दहा वर्षांचा करार करायचा आणि त्याबद्दल मालकांना ठरावीक रक्कम द्यायची, असा त्यांचा प्रस्ताव होता. हे काही नवल नव्हते. पुण्याची एईआरएफ ही संस्था संगमेश्वरच्या बाजूला रानमालकांशी असे करार करत आली आहे. त्याच संस्थेच्या प्रयत्नाने सह्याद्रीतल्या हिरड्या-बेहड्याच्या फळांना 'फेअरवाइल्ड' हे प्रमाणपत्र मिळाले आणि पक्का ही इंग्लंडमधली हर्बल चहाची कंपनी ते फळ घेऊ लागली. फळ झाडाला न दुखवता गोळा करायचे, धनेशाचे झाड राखायचे आणि भाव बरा मिळवायचा. ज्या झाडाची किंमत एकदा तोडून मिळत होती, तेच झाड दरवर्षी काही देऊ लागले.

आम्ही भावंडे बसलो. आणि तिथे माझी भरपाईची व्याख्या अडली. इथे जाळे कुठे फाटले होते? आमचे काही गेले नव्हते. मिळू शकणारे मिळणार नव्हते, एवढेच. ते पैसे आम्हांला तोट्याबद्दल मिळणार होते, की तोडण्याच्या धमकीबद्दल?

हा प्रश्न मी पुस्तकात वाचला नव्हता, मला तो शेजारच्या बांधावर दिसला. आमच्या रानाला लागून एका विधवा बाईंचा पट्टा आहे. आम्ही तिला खाला म्हणतो. तिच्या पट्ट्यात धनेशाची दोन घरटी आहेत. तिच्याकडे ठेकेदार कधी गेला नाही, कारण ती विकणार नाही हे त्याला ठाऊक होते. आणि संस्थेची माणसेही गेली नाहीत, कारण तिच्या रानाला धोका नव्हता. ज्यांनी कुऱ्हाड हातात घेतली, त्यांच्याशी करार होणार होता. जिने कुऱ्हाड कधी उचललीच नाही, तिला काहीच नाही. उद्या गावातल्या मुलाने यातून काय शिकावे? की रान राखायचे तर आधी तोडायला निघावे?

हा पेच फक्त आमच्या गावाचा नाही. मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिकाने १९९६ च्या कायद्याने नैसर्गिक जंगल मोडून दुसरा वापर करायला बंदी केली आणि त्याच कायद्याखाली १९९७ पासून जंगलमालकांना रक्कम द्यायला सुरुवात केली. पैसा मुख्यतः इंधनावरच्या करातून काढला. गाडी चालवणाऱ्याने झाड राखणाऱ्याला द्यावे, ही कल्पना मला न्याय्य वाटते. पण तिथेही अभ्यासकांचा वाद चालत आला. ज्यांना रक्कम मिळाली, त्यांतले कितीतरी मालक तशीही झाडे तोडणार नव्हते, मग तो पैसा वाया गेला का? हिशेबाच्या नजरेने पाहिले, तर वाया गेला. खालाच्या बाजूने पाहिले, तर तोच पैसा योग्य जागी गेला.

आपल्याकडे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात जे सुचवले होते, त्याचा रोख मला इकडेच दिसतो. देवराया राखणाऱ्या लोकांना 'संवर्धन सेवा शुल्क' द्यावे, असे त्यात होते. देवराई कुणी तोडायला निघालेले नसते, ती पिढ्यान् पिढ्या राखलेली असते. म्हणजे मोबदला राखणाऱ्याला द्यायचा. आणि निर्णयात ग्रामसभेचा शब्द हवा, असा त्या समितीचा आग्रह होता. त्या अहवालावर आपल्या जिल्ह्यात भांडणे फार झाली, तो वाचला मात्र थोड्यांनी. त्या भांडणात ही गोष्ट हरवली.

बाजाराची आणखी एक अडचण आहे. बाजार ओळखीच्यालाच ओळखतो. कासवाला पाहुणे आहेत, धनेशाला छायाचित्रकार आहेत, बेहड्याला चहाची कंपनी आहे. आमच्या ओढ्यातल्या खेकड्याला कोण आहे? कातळावर पावसाळ्यात चार आठवडे उगवणाऱ्या गवताला, दगडाखालच्या बेडकाला, किंजळीवरच्या मुंग्यांना कोण गिऱ्हाइक आहे? आणि ज्याला गिऱ्हाइक आहे, त्याचेही उद्या काय? परदेशात चहाची आवड बदलली, तर धनेशाने घर कुठे करावे? काजूचा भाव बेहड्यापेक्षा वर गेला, तर करार संपल्यावर आम्ही काय करू? ज्या तराजूने आज रान वाचले, तोच तराजू उद्या ते मोडू शकतो, कारण तराजूला रान आणि लाकूड यांतला फरक कळत नाही. तो फरक माणसाला कळावा लागतो.

आमच्या आईचा एक शब्द होता, अमानत. शेजारणीने गावाला जाताना दागिन्यांचा डबा ठेवायला दिला, तर ती अमानत. ती राखायला त्रास होतो, रात्री झोप लागत नाही, कुलूप नवे घ्यावे लागते. कुलपाचे पैसे मागितले तर कुणी नाव ठेवणार नाही. पण "इतके दे, नाहीतर डबा विकतो," असे म्हणणारा अमानतदार राहत नाही. आमच्या डोंगरावरची बेहड्याची झाडे आम्ही लावलेली नाहीत. आजोबांनीही नाही. फळ खाऊन बी टाकत जाणाऱ्या पाखरांनी आणि वटवाघळांनी ती लावली असतील. सातबाऱ्यावर नाव आमचे आहे हे खरे, पण डबा आमचा नाही.

तेव्हा मी स्वतःपुरते काय ठरवले ते सांगतो. पैसे घेण्यात पाप नाही. गरिबाला फुकट राखण करायला लावण्यात ते जास्त आहे. पण घेताना माणसाने स्वतःला विचारावे, की मी कुलपाचे पैसे मागतो आहे की डब्याचे? ओझ्याचा वाटा मागावा, धमकीची किंमत मागू नये. देणाऱ्याने कुऱ्हाडवाल्याच्या आधी राखणाऱ्याचे दार वाजवावे. आणि ज्याला कुणीच गिऱ्हाइक नाही, त्याच्यासाठी कायदा आणि गावाची रीत यांनी खाली जमीन धरून ठेवावी. पैशाने त्या जमिनीवर चालणे सोपे करावे. तो स्वतः जमीन होऊ शकत नाही.

मी संस्थेच्या माणसांना म्हटले, करार करायचा तर खालाचा पट्टा त्यात घ्या. ते म्हणाले, रक्कम तेवढीच आहे, तुमचा वाटा कमी होईल. मी भावाला कुवेतला फोन केला. तो रागावला. त्याचे रागावणे मला समजत होते, फी त्याला भरायची होती. मी माझ्या वाट्याची रक्कम त्याच्या मुलीच्या फीला दिली. हे मोठेपणासाठी सांगत नाही. मला पेन्शन आहे हे त्यानेच मला दाखवून दिले होते, आणि एकदा दिसल्यावर फुकटची नीती सांगायला तोंड राहिले नव्हते. आठ दिवसांनी त्याने संमती कळवली.

करार २०२३ मध्ये झाला. खालाला पहिल्यांदा रक्कम मिळाली, तेव्हा तिने मला विचारले, "हे कशाचे रे?" मी म्हटले, "रान राखल्याचे." ती म्हणाली, "मग एवढी वर्षे राखले त्याचे?" ती हसत होती, पण मला उत्तर देता आले नाही.

पुतण्या अधूनमधून विचारतो, "चाचा, दहा वर्षांनी काय?" २०३३ साली करार संपेल. मी तोवर असेन की नाही, ठाऊक नाही. तेव्हा सातबाऱ्यावर त्याचे आणि त्याच्या चुलतभावंडांचे नाव असेल, ठेकेदारही कुणीतरी येईल. म्हणून गेल्या मार्चमध्ये मी त्याला आणि त्याच्या मुलाला रानात घेऊन गेलो. आम्ही ओढ्यापलीकडे गप्प बसलो. बऱ्याच वेळाने नर आला, त्याच्या पंखांचा आवाज आधी आला. चोचीतले फळ त्याने फटीतून आत दिले, मग दुसरे, मग तिसरे. मुलगा हळूच मोजत होता. परतताना त्याने बापाला विचारले, "अब्बा, तो तिला इतके दिवस का भरवतो?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मग मुलाला म्हणाला, "त्याचे घर आहे ते."